कॅमेरूनला जाताना आधी क्रॉयडन लागतं

आमच्या लंडनच्या मराठी मंडळात सध्या मला कॅमेरूनचा जाणकार समजतात. कोणाचा मुलगा, कोणाची सून तिकडे नोकरीला निघाली की फोन मला येतो. ‘काका, काय काय न्यावं लागतं?’ आधीच सांगून ठेवतो, कॅमेरूनमध्ये मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. मी गेलो ते ब्रिस्टलला आणि क्रॉयडनला, त्यातही काही वेळ उलट्या दिशेच्या ट्राममधून. पण ब्रिटिश पासपोर्ट घेऊन मध्य आफ्रिकेत राहायला जाणाऱ्या माणसाचा अर्धा जीव इंग्लंडमध्येच जातो, आणि त्या अर्ध्याबद्दल मला आता पुष्कळ कळतं. फोनवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

स्टॅनमोर, सोमवार

केतकी आमची एकुलती एक. जन्म, शाळा सगळं इथलंच, लंडनच्या टोकाचं. ब्रिस्टलला शिकली आणि पाण्याच्या कामांची इंजिनीअर म्हणून तिथेच नोकरीला लागली. तिच्या कंपनीने कॅमेरूनमधल्या दुआला शहराजवळच्या एका गावात पिण्याच्या पाण्याची योजना घेतली आहे. तिथे दोन वर्षं राहायला कोण जाईल म्हणून विचारलं, तर हिने हात वर केला. आम्हाला सांगितलं ते हात वर केल्यावर. मी जेवताना तीन वेळा ‘माझं मत विचारशील तर’ अशी सुरुवात केली. तिन्ही वेळा कोणी विचारलं नाही. आमची ही एवढंच म्हणाली, ‘अहो, तुम्ही मिरजेहून इकडे आलात तेव्हा कोणाचं मत घेतलं होतं?’ मग मी कामाला लागलो.

कामाला लागलो म्हणजे सरकारी सल्ला छापून काढला. परदेशी राहायला जाणाऱ्या नागरिकांसाठी वेबसाइटवर बरंच काही लिहिलेलं असतं, आणि ज्याने लिहिलं त्याला स्वतःला कुठेही जायचं नाही हे ओळीओळीतून दिसतं. तरी सार सांगतो. पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते. तिचं पिवळं कार्ड मिळतं आणि ते लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे ही गोष्ट शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. मलेरियाच्या गोळ्या. विमा स्वतःचा, कारण आपली मोफत सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, विमानात बसत नाही. कर खात्याला कळवा, बँकेला कळवा, कौन्सिलला कळवा. फ्रेंच शिका. आणि कागद. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी सॉलिसिटरची सही, मग आपल्या सरकारचा शिक्का, मग फ्रेंच भाषांतर, मग वकिलातीचा शिक्का. मधली एक पायरी चुकली की सापशिडीसारखं थेट खाली.

केतकीच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या दोन पायऱ्या झाल्या होत्या. रविवारी ती घरी आली, फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘बाबा, सगळ्याच्या दोन दोन कॉपी काढून ठेवा. मंगळवारी पोस्टाने पाठवा मला, स्पेशल डिलिव्हरी.’ आणि ब्रिस्टलला परत गेली.

आता माझी बाजू ऐका. आमच्या मिरजेत कोर्टासमोर लॅमिनेशनवाल्याची टपरी होती. दहावीचा निकाल लागला की पोरं आधी देवळात जायची, मग त्या टपरीवर. ज्याची किंमत आहे ते प्लास्टिकमध्ये घालायचं, ही आमच्याकडची रीत. सोफा, टीव्हीचा रिमोट, मार्कशीट. पुढे मी हॅरोमध्ये तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तर इथल्या मास्तरांना हाच रोग. पाढे लॅमिनेट, वर्गाचे नियम लॅमिनेट, खेळायला कधी जायचं ते लॅमिनेट. निवृत्त झालो तेव्हा शाळेने मला तिथलं जुनं लॅमिनेटरच देऊन टाकलं, कारण ते माझ्याइतकं कोणी वापरत नव्हतं. आणि छापलेल्या सल्ल्यात मी पिवळी रेघ मारून ठेवलेलं वाक्य होतं, तिकडची हवा फार दमट. दमट हवेत कागदाचं काय होतं हे मला कोणी सांगायला नको.

म्हणून रविवारी संध्याकाळी मी कॉप्या काढल्या, मशीन तापवलं, आणि सही-शिक्क्यासकट केतकीची पदवी त्यातून काढली. एक बुडबुडा नाही. तिचं पिवळं कार्डही घालणार होतो, पण प्लास्टिकचे पाऊच संपले. सोमवारी सकाळी मी त्या चकचकीत पदवीचा फोटो तिला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आता आफ्रिकेचा बाप आला तरी बुरशी लागणार नाही.’

दोन मिनिटांत फोन. तिचा आवाज अगदी हळू होता, आणि केतकीचा आवाज हळू झाला की मला शाळेतले हेडमास्तर आठवतात.

‘बाबा, लॅमिनेट केलेल्या पेपरवर ते स्टॅम्प नाही मारत. कोणीच नाही मारत.’

मला खरंच माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल, म्हणून ठळक लिहितो. कोणताही मूळ कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही आणि खालचा कागद खरा आहे की नाही हे कोणाला तपासता येत नाही, म्हणून तो कागद बाद. त्यावर आधीचे दहा शिक्के असले तरी बाद.

आणि कागद शुक्रवारी दुपारपर्यंत वकिलातीत जायला हवे होते. कंपनीची माणसं पुढच्या पंधरवड्यात एकत्र निघणार होती. केतकीचे कागद नसतील तर यादीतला दुसरा माणूस जाईल, असं तिला सरळ सांगितलं होतं. दोन वर्षं तिने या एका कामासाठी संध्याकाळचे फ्रेंचचे वर्ग केले होते. दोन वर्षं म्हणजे आम्हाला कळायच्या कितीतरी आधीपासून, पण तो राग वेगळा.

सोमवारचा दिवस कसा गेला ते विचारू नका. मी नखाने कोपरा सोडवून पाहिला. आमच्या हिने केस वाळवायचं मशीन आणलं. त्या गरम हवेने प्लास्टिक सुटलं नाही, पण कुलगुरूंच्या सहीवर एक फोड आला. ‘आता राहू द्या,’ ती म्हणाली, ‘आहे ते तरी दिसू दे.’ विद्यापीठाच्या फोनवर पाऊण तास पियानो ऐकला. शेवटी एका बाईंनी सांगितलं की बदली प्रमाणपत्र मिळतं, पण खराब झालेलं मूळ आणून दाखवायला लागेल आणि विद्यार्थिनी स्वतः हजर लागेल. पोस्टावरचा माझा विश्वास आदल्या दिवशीपर्यंत होता. आता मला कशावरच विश्वास नव्हता. मीच घेऊन निघालो.

ब्रिस्टल, मंगळवार

पॅडिंग्टनहून ब्रिस्टलची गाडी खरं म्हणजे बघण्यासारखी. रेडिंग गेलं की कालवे दिसतात, मेंढ्या दिसतात, उतारावर पांढऱ्या खडूचे घोडे कोरलेल्या टेकड्या असल्याचं सगळे सांगतात आणि त्या मला कधीच दिसत नाहीत. बाथला मधाच्या रंगाची घरं. मांडीवर लिफाफा घट्ट धरून बसलेल्या माणसाला यातलं काही गोड लागत नाही. मी हिने दिलेली मेथीची थालीपिठं काढली, तर समोरच्या बाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडणारी नव्हती.

स्टेशनवर केतकी उभी होती. प्रवास कसा झाला, आई कशी आहे, काही नाही. लिफाफा घेतला, आत पाहिलं, फोडावरून एकदा बोट फिरवलं आणि चालायला लागली. मिरज सपाट गाव, तिथे चढ म्हणजे रेल्वेचा पूल. ब्रिस्टलमध्ये सपाट काही नाही. विद्यापीठाकडे जाणारा रस्ता असा चढतो की मधेच थांबून दुकानांच्या काचांत पाहायचं नाटक करावं लागतं. मी चार काचांत पाहिलं. केतकी पुढे जाऊन वाट बघत उभी राहायची, पण वळून यायची नाही. एरवी ती माझी पिशवी घेते.

काचेमागच्या बाई हसतमुख होत्या. प्रमाणपत्र उलटसुलट करून म्हणाल्या, ‘ओह, ब्रिलियंट.’ नवीन येणाऱ्यांसाठी सांगतो, इथे ‘ब्रिलियंट’ म्हणजे ‘बरं’ आणि ‘ओह डिअर’ म्हणजे ‘मेलात’. पुढच्या वाक्यात ‘ओह डिअर’ आलंच. बदली प्रमाणपत्राला दोन आठवडे लागतात. मी म्हणालो, बाई, मी स्वतः तीस वर्षं शिक्षक होतो, आणि दमट हवेचा विषय काढला. काउंटरखाली केतकीने माझ्या बुटावर बूट ठेवला. मग ती स्वतः बोलली. शांतपणे, तीन वाक्यांत, पाण्याचं काम काय आहे, शुक्रवार का महत्त्वाचा आहे आणि नाही जमलं तर काय होईल. एकदाही ‘माझ्या वडिलांनी’ म्हणाली नाही. बाई आत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, आज दुपारी पदवीदानाची छपाई आहे, त्या गठ्ठ्यात हे घालते, उद्या सकाळी नऊला या.

मग त्यांनी कात्री घेतली आणि माझ्या लॅमिनेशनचा वरचा उजवा कोपरा तिरका कापून टाकला. बाद झाल्याची खूण. कापलेलं प्रमाणपत्र परत केतकीच्या हातात दिलं, हवं तर आठवण म्हणून ठेवा म्हणाल्या. मला इतकं वाईट का वाटलं ते कळेना. बाद तर ते आधीच झालं होतं.

केतकीच्या घरात खोकीच खोकी. भिंतीवरच्या तसबिरी उतरलेल्या, खिळे तेवढे राहिलेले. तिने मोहरी-हिंगाची फोडणी देऊन पास्ता केला. हा पदार्थ आमच्या घरात तिनेच शोधला आणि मी त्याला नेहमी नावं ठेवतो. त्या दिवशी ठेवली नाहीत. जेवताना तिने आईशी फोनवर गप्पा मारल्या आणि माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलली.

क्रॉयडन, बुधवार

नऊला प्रमाणपत्र मिळालं. बाराला सॉलिसिटरची सही झाली. आता उरलं होतं ते क्रॉयडन. तिथे मादाम ओदेत नावाच्या दुआलाच्याच एक बाई राहतात. त्या कागदांचं फ्रेंच भाषांतर करतात आणि आपल्या सरकारचा शिक्का आणायला रोज सकाळच्या गाडीने स्वतः जातात. बुधवारी चारच्या आत कागद त्यांच्या हातात पडले तर गुरुवारी शिक्का, शुक्रवारी वकिलात. चारनंतर आले तर पुढचा फेरा सोमवारी, असं त्यांनी केतकीला बजावलं होतं.

गाडीत आम्हाला जागा मिळाली ती शांततेच्या डब्यात. स्विंडन गेलं आणि केतकीने डोळे न उचलता विचारलं, ‘बाबा, मला एक गोष्ट खरा सांगा. तुम्ही मुद्दाम केलं का?’

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिने पुन्हा विचारलं. ‘मी जाऊ नये म्हणून केलं का?’

काय बोलतेस, म्हणालो. मग बुरशीवर बोललो. मिरजेच्या टपरीवर बोललो. माझ्या बी.एस्सी.च्या मार्कशीटला चाळीस वर्षांत एक डाग नाही, यावर बोललो. बोलता बोलता आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या गृहस्थांनी खिडकीवरच्या ‘शांतता’ स्टिकरकडे बोट दाखवलं. त्या स्टिकरांना मी आजवर फार शिव्या दिल्यात. त्या दिवशी पहिल्यांदा उपकार वाटले. केतकी उरलेला सगळा वेळ बाहेर बघत राहिली. होय किंवा नाही, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच मी दिलं नव्हतं.

क्रॉयडन मला माहीत आहे, असं मी तिला ईस्ट क्रॉयडन स्टेशनवर ठासून सांगितलं. माहीत होतं ते नव्वदीच्या सुरुवातीचं. व्हिसा वाढवायला पहाटेपासून इथल्याच एका उंच इमारतीबाहेर रांगेत उभा राहायचो, फाइल स्वेटरच्या आत, पोटाशी. तेव्हा ट्राम नव्हत्या. केतकी फोनवर नकाशा बघत होती, पण आता मला काहीतरी बरोबर करून दाखवायचं होतं. ‘ही समोरची,’ म्हणालो आणि चढलो. ती मागून चढली. आधी ऑफिसं संपली. मग घरं विरळ झाली. मग दोन्ही बाजूंना चक्क झाडी सुरू झाली आणि चढ लागला. क्रॉयडनमध्ये जंगल आहे हे लंडनात राहणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? मला साडेतीनला ठाऊक झालं. केतकीने फोन खिशात ठेवला. खरं तर तिने मला झापायला हवं होतं. पुढच्या थांब्यावर उतरलो. उलट दिशेच्या ट्रामला अकरा मिनिटं होती, आणि ती अकरा मिनिटं मी तिच्याकडे न बघता ओकच्या झाडाकडे बघत काढली. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. रविवारी मशीन, आज ट्राम. माणूस एकदा चुकतो. दोनदा चुकला की त्यालाच शंका यायला लागते.

मादाम ओदेत यांचं ऑफिस एका वेण्या घालायच्या दुकानाच्या वर. जिना चढलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि त्या दाराला कुलूप लावत होत्या. साठीच्या, उंच, डोक्याला निळं फडकं बांधलेलं. घड्याळ दाखवलं. केतकीने फ्रेंचमध्ये बोलायला सुरुवात केली. माझी पोर फ्रेंच बोलताना मी पहिल्यांदा ऐकली. मराठीत अडखळते, लिंगं चुकवते, आणि इथे झऱ्यासारखी. मादामनी कुलूप परत काढलं.

आत टेबलाशी बसून त्यांनी आधीच्या शिक्क्याचा नंबर पाहायला जुनं प्रमाणपत्र मागितलं. केतकीने ते कापलेल्या कोपऱ्याचं काढून समोर ठेवलं. मादामनी ते दोन बोटांनी उचललं, उजेडात धरलं आणि इंग्रजीत विचारलं, ‘हा वेडेपणा कोणी केला?’

‘मी,’ केतकी म्हणाली. ‘मला माहीत नव्हतं.’

कोणी कानशिलात लगावली असती तर बरं. मादाम तिला बोलू लागल्या. इंजिनीअर आहेस, एवढी शिकलीस, एवढंही कळत नाही का. ती मान खाली घालून ऐकत होती, आणि मी शेजारी थालीपिठाचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो.

‘तिने नाही,’ मी म्हणालो. ‘मी केलं, बुरशी लागू नये म्हणून. मी बाप आहे तिचा.’

मादाम थांबल्या. मी केतकीकडे वळलो आणि मराठीत बोललो, कारण हे मला इंग्रजीत बोलता येत नाही.

‘मुद्दाम नाही केलं गं. पण सोमवारी तू फोनवर म्हणालीस ना, आता सगळं अडलं, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. ते सांगायला मला तीन दिवस लागले.’

तिने माझ्याकडे पाहिलं. सोमवारनंतर पहिल्यांदा नीट पाहिलं. ‘मला वाटलंच होतं,’ ती म्हणाली. ‘ते मला चालतं, बाबा. तुम्ही बुरशी बुरशी करत होता ना, ते नाही चालत होतं.’

मादामना शब्द कळले नसतील, पण त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहायला बसल्या. लिहिता लिहिताच म्हणाल्या, त्यांच्या वडिलांनी त्या लंडनला निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात लपवला होता. ‘मुद्दाम,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या वडिलांना बुरशीचं कारण सुचलं नाही.’

पदवीच्या भाषांतराला पाऊण तास लागला, शिक्क्यापुरती ओळ त्या दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाल्यावर भरणार होत्या, आणि तेवढ्यात जो कॅमेरून कळला तो छापील कागदांत नव्हता. केतकीने सगळं लिहून घेतलं, त्यातलं तुम्हाला देतो. कोणाच्याही ऑफिसात गेलं की आधी नमस्कार-चमत्कार, घरच्यांची चौकशी, मग काम. इथल्यासारखं ‘हाय’ म्हणून थेट मुद्द्यावर आलात तर तुम्ही उर्मट ठरता. पासपोर्टची प्रत रोज जवळ ठेवायची, मूळ घरी. मोठ्या माणसाला डाव्या हाताने काही द्यायचं नाही. हे ऐकून मी केतकीकडे पाहिलं, कारण ती डावरी आहे आणि लहानपणी प्रसाद घेताना मी तिला याच्यावरूनच रागवायचो. एकोणतीस वर्षांत माझ्या एका तरी शिकवणीला परदेशातून दुजोरा मिळाला.

मग मादामनी स्वतःचा डबा उघडला आणि ‘नाही’ म्हणायची सोय ठेवली नाही. न्दोले म्हणून त्यांची पालेभाजी. कडसर पाला, त्यात वाटलेले शेंगदाणे. माझ्या तोंडून निघालं, ‘अगं, ही तर अळूची भाजी.’ चिंच-गूळ तेवढा नाही, आणि आत सुकट असते हे मला घास गिळल्यावर कळलं, पण ओळख पटली. सोबत तळलेली केळ्याची कापं. मी थालीपीठ पुढे केलं. त्यांनी एक तुकडा खाल्ला, पुन्हा हात पुढे केला आणि उरलेली दोन स्वतःच्या डब्यात ठेवून दिली. जाताना केतकीला म्हणाल्या, तिथे माझी बहीण आहे, तिचा नंबर घे. मला फ्रेंचमधलं ‘साहेब’ लावून म्हणाल्या, ‘मस्यू, घरी जाऊन त्या मशीनची वायर काढून ठेवा.’

परतीच्या मेट्रोत, ज्युबिली लाइनवर, केतकी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. स्टॅनमोर शेवटचं स्टेशन आहे, म्हणून तिला उठवायची घाई नव्हती.

नंतरचं

शुक्रवारी सकाळी अकराला कागद वकिलातीत गेले. पुढच्या पंधरवड्यात केतकीही गेली. विमानतळावर मी तिच्या बॅगांची वजनं दोनदा करून घेतली. आमची ही रडली आणि मग मीच का रडत नाही म्हणून माझ्यावर चिडली. घरी येऊन पाहतो तर ते कोपरा कापलेलं प्रमाणपत्र कुठे सापडेना. टाकून दिलं असेल, म्हटलं, आणि बरंच झालं.

पावणेदोन महिन्यांनी फोटो आला. एक छोटं ऑफिस, पत्र्याचं कपाट, टेबलावर पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या. कपाटावरच्या फायलींचे कागद दमट हवेने पापडासारखे वाकलेले. आणि भिंतीवर, खिळ्याला, ती पदवी. चकचकीत, सपाट, कुलगुरूंच्या सहीवर फोड, उजवा कोपरा तिरका कापलेला. खाली तिने लिहिलं होतं, ‘बाबा, इकडे सगळ्या पेपरला खरंच बुरशी लागली. ही एकटी ठीक आहे. लॅमिनेटर देऊ शकता का? साइटवरच्या मॅप्ससाठी पाहिजे.’

मी पार्सलची चौकशी केली. विजेचं उपकरण, त्यात तापणारं, त्यात वापरलेलं. चार ठिकाणी चार उत्तरं मिळाली आणि पाचव्या ठिकाणी मला पहिल्या ठिकाणी जायला सांगितलं. आमची ही शेवटी म्हणाली, ‘अहो, एवढ्या रांगा लावण्यापेक्षा स्वतःच घेऊन जा की.’ मी म्हणालो, कागदपत्रं कोण करणार? ती म्हणाली, आता तुम्हाला येतं सगळं.

म्हणून काल सकाळी मी लसीच्या क्लिनिकमध्ये होतो. साठीच्या पुढच्या माणसाला ही लस देताना दहा प्रश्न जास्त विचारतात, ते विचारून झाले. प्रवासाचं कारण काय, असं नर्सने विचारलं. ‘मशीन पोचवायचंय,’ म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच ‘मुलीची भेट’ लिहिलं.

दंडाला कापूस लावून तिने पिवळं कार्ड माझ्या हातात दिलं. हे जन्मभर चालतं, म्हणाली, नीट जपा. जाड कागदाचं, कोपरे नाजूक, पावसाचा एक थेंब पडला तर शाई फुटेल असं. घरी नवे पाऊच येऊन पडले होते आणि वायर काढून ठेवलेलं मशीन जिन्याखाली होतं. कार्ड मी तसंच उघडं शर्टाच्या खिशात घातलं आणि स्टॅनमोरपर्यंत त्यावर हात ठेवून बसलो.